गावातल्या गावात

मराठीत रिक्षा येते, हिंदीत रिक्शा येतो. चाकं तीच तीन, धूर तोच, भाड्यावरची घासाघीसही तीच. मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत अनुवाद करताना गेली वीस वर्षं मी रोज अशी वस्तूंची लिंगं बदलत आले आहे. मराठीतलं नपुंसकलिंगी चाक हिंदीत गेलं की पुल्लिंगी पहिया होतं, आणि गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते तेव्हा तर ही कटकटच संपली होती. बंगालीत नामांना व्याकरणाचं लिंग नसतं. ट्राम, टॅक्सी, नवरा, बायको, सगळ्यांना एकच क्रियापद चालतं. पण व्याकरणातून लिंग काढून टाकलं की माणसं मोकळी होतात, असं काही नाही. कोलकात्याच्या त्या पिवळ्या अँबेसेडर टॅक्सींमध्ये दोन वर्षांत मला स्टेअरिंगमागे एकही बाई दिसली नाही.

गेल्या वर्षी मी गाडी घेतली. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. गाडी स्त्रीलिंगी आहे हे आपण शाळेत शिकतो. गाडी ‘बायकांची’ असते हे मात्र शोरूममध्ये गेल्यावर कळतं.

मी राहते सिहोऱ्याला. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे तहसिलीचं गाव. जबलपूर इथून साधारण चाळीस किलोमीटर. आसपास लोहखनिजाच्या खाणी आहेत, त्यामुळे रस्त्यावर ट्रक आणि डंपर भरपूर. लग्न होऊन इथे आले, त्याआधीचं सगळं आयुष्य जबलपूरच्या रांझी भागातलं. बाबा व्हेईकल फॅक्टरीत होते. १९६९ साली सुरू झालेल्या या सरकारी कारखान्यात सैन्यासाठी गाड्या बनत. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर बनणारा ट्रक म्हणून ‘शक्तिमान’. कंपनीचं नाव पोटात घेऊन वर शुद्ध संस्कृत शब्द तयार करणारा तो अज्ञात नामकर्ता मला आजही आमच्या धंद्यातला वाटतो. दुसरी निसानची ‘जोंगा’. जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज, असेंब्ली या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते नाव झालं. बाबा कायम ‘तो शक्तिमान’ आणि ‘ती जोंगा’ म्हणत. दोन्ही चालवणारे जवान मात्र पुरुषच.

भावाला अठरा पूर्ण होताच बाबांनी कारखान्यातल्या एका मित्राची फियाट मागून आणून गाडी शिकवली. मी मागच्या सीटवर बसायचे. ‘तुला काय करायचंय शिकून?’ असं बाबा कधीही म्हणाले नाहीत. तसं म्हणायची वेळच आली नाही, कारण तो विचारच घरात कुणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही. मी शिकले ते तिसाव्या वर्षी, सिहोऱ्यात, पहिल्या अनुवादित पुस्तकाच्या मानधनातून फी भरून. लायसन्स मिळालं आणि पाकिटात जाऊन बसलं. घरात गाडी नव्हतीच. गाडी होती ती शेजारी राहणाऱ्या भाऊजींची, माझ्या मोठ्या दिरांची.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री अकरा वाजता आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती रांझीच्या घरात एकटी असते. न्हाणीघरात पाय घसरून पडली होती, हात हलत नव्हता. त्या वेळी बस नव्हती. भाऊजी कामानिमित्त इंदूरला गेलेले, गाडी अंगणात उभी, किल्ली जाऊबाईंच्या कपाटात. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, “एवढी मोठी गाडी तुला झेपायची नाही. त्यात रात्र, हायवेला डंपर. थांब, मी कुणाला तरी पाठवतो.” त्यांनी खरंच पाठवलं. माणूस दीड तासाने आला. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी आईला दवाखान्यात नेऊन मनगटाला प्लास्टरही घालून आणलं होतं. भाऊजी काळजीनेच बोलले होते, याबद्दल मला शंका नाही. पण अंगणात गाडी, कपाटात किल्ली, पाकिटात लायसन्स असताना मी दीड तास पायरीवर बसून होते. त्या दीड तासात गाडी घ्यायचं ठरलं.

ठरल्यावर सल्ले सुरू झाले, आणि प्रत्येक सल्ल्यात एक शब्दप्रयोग हमखास असायचा: गावातल्या गावात. “तुला काय, गावातल्या गावात फिरायला छोटी पुरे.” “बाजारहाटाला, मुलीला क्लासला सोडायला, गावातल्या गावात बरी पडेल.” सिहोरा एवढं लहान आहे की गावातल्या गावात जायला मला चपला पुरतात. मला गाडी हवी होती ती नेमकी गावाबाहेर जायला. हे मी सांगायची, समोरचा मान हलवायचा आणि पुन्हा छोट्या गाडीवर यायचा. तेव्हा लक्षात आलं, की ‘बायकांची गाडी’ म्हणताना लोक आकाराबद्दल बोलत नाहीत, रंगाबद्दल तर नाहीच. ते अंतराबद्दल बोलत असतात. बाईने कुठवर जावं, किती वाजेपर्यंत जावं आणि कुणाला विचारून जावं, याचा एक नकाशा आधीच काढलेला असतो. गाडी त्या नकाशात मावेल अशी सुचवली जाते.

शोरूम जबलपूरचं. नवरा सोबत होता. विक्रेता तरुण, नम्र, आणि सबंध वेळ नवऱ्याकडे बघून बोलणारा. इंजिन, मायलेज, हप्ता, सगळं त्याला. माझ्याकडे वळला तेव्हा म्हणाला, “मैडम के लिए ये देखिए,” आणि उन्हाची झडप खाली ओढून तिच्यातला छोटा आरसा दाखवला. त्यात दिवाही होता. नवऱ्याने शांतपणे सांगितलं, “भैया, मुझे चलाना नहीं आता.” यावर जी शांतता पसरली ती मी नवऱ्याला स्कूटरवरून पडताना पाहूनही अनुभवली नव्हती.

या शांततेबद्दलही लिहायला हवं. माझ्या नवऱ्याला गाडी चालवायला आवडत नाही. रहदारीत त्याचा जीव घाबरा होतो. बाईने हे सांगितलं तर लोक समजून घेतात, उलट बरं मानतात. पुरुषाने सांगितलं की त्यात काहीतरी कमी असल्यासारखं बघतात. भाऊजी त्याला आजही “अरे, शिकून घे आता तरी” म्हणतात आणि तो चाळिशी ओलांडलेला माणूस शाळकरी मुलासारखा “हो दादा” म्हणतो. मला नाकारलेली किल्ली आणि त्याच्यावर लादलेली किल्ली एकाच जुडग्यातल्या आहेत.

मी विक्रेत्याला विचारलं, “ड्रायव्हरच्या सीटची उंची वर-खाली होते का?” या प्रश्नाची त्याला अपेक्षा नसावी. त्याने पुस्तिका चाळली. खालच्या मॉडेलमध्ये ती सोय नव्हती, वरच्यात होती. माझी उंची पाच फूट. सीट वर घेतल्याशिवाय बॉनेटचं टोक दिसत नाही, आणि पुढे ओढावी तर छाती स्टेअरिंगला टेकू लागते. म्हणजे ओठांवरचा रंग बघायला दिवा लावलेला आरसा, आणि रस्ता दिसायला मात्र वरचे पैसे.

हा माझ्या एकटीच्या उंचीचा प्रश्न नाही. गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी ज्या पुतळ्यांवर होते, ते अनेक दशकं सरासरी पुरुषाच्या मापाचे होते. बाईचा म्हणून जो पुतळा वापरात आला, तो त्याच पुरुषाचं लहान केलेलं रूप होतं. २०११ साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अपघातांच्या नोंदी तपासल्या. सारख्या प्रकारच्या अपघातात, पट्टा बांधलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा बांधलेल्या पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त, असं त्यांना आढळलं. सरासरी स्त्रीच्या शरीरावर बेतलेला पुतळा स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला तो २०२२ साली. त्याची उंची १६२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. तेव्हा गाडी निवडताना बाईपणाचा विचार करू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. करावा, पण सीट, पट्टा, पेडल यांच्या संदर्भात. आरशापाशी थांबू नये.

पुढचा प्रश्न गिअरचा. माझा डावा गुडघा अधूनमधून सुजतो, क्लच दाबून दाबून जास्तच. म्हणून मला ऑटोमॅटिक हवी होती. आपल्याकडे गिअर नसलेल्या गाडीवर ‘लेडीज’ हा शिक्का जुना आहे. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली. बाबांचे मित्र तिला मुलींची गाडी म्हणून हसत, आणि स्वतः बजाजला किका मारून घामाघूम होत. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने आपोआप गिअर बदलणारी सोय छोट्या, स्वस्त गाडीत आणली, तेव्हा ती हसण्याची सवय दोनवरून चार चाकांवर आली. अमेरिकेत बहुतेक सगळे पुरुष ऑटोमॅटिकच चालवतात, आणि त्यांच्या पुरुषार्थाला काही झाल्याचं ऐकिवात नाही.

हे नको असेल तर दुसरी वाट असते. माझी एक डॉक्टर मैत्रीण आहे. तिने उंच, दणकट, डिझेलवर चालणारी गाडी घेतली. इस्पितळात सगळे म्हणाले, “वाह, क्या मर्दानी चॉइस है!” हा शब्द आमच्या जबलपुरात वजनदार आहे. झाशीच्या राणीला तो कायमचा चिकटवणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान इथल्याच, नगर निगमाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. राणी स्वतः मराठी घरातली. पण तिच्या शौर्याचं कौतुक करायला आपल्याला ‘मर्द’ या शब्दापाशीच जावं लागतं. मराठीत त्याला पर्याय शोधताना मी कितीदा तरी थांबले आहे. आपणही कोल्हापूरच्या लाठीकाठीला आणि दांडपट्ट्याला मर्दानी खेळच म्हणतो, आता त्यात मुली तरबेज झाल्या तरी. म्हणजे छोटी घेतली तर ‘बायकांची’, मोठी घेतली तर ‘मर्दानी’. मैत्रिणीने ती गाडी घेतली होती, कारण तिला आठवड्यातून दोनदा खेड्यांत दवाखाना लावायला खडबडीत रस्त्याने जावं लागतं. ते कारण कुणी विचारलं नाही.

कौतुक करतानाही भाषा कशी चिमटा काढते, याचा महाराष्ट्रातला एक नमुना माझ्या कायम लक्षात राहिला आहे. २०१६च्या सुमारास मुंबई-ठाण्याकडे महिला रिक्षाचालकांच्या रिक्षांसाठी वेगळा रंग ठरला. तो रंग अबोलीचा. फूल सुंदर आहे, हेतूही चांगला असेल. पण भर रहदारीत हॉर्न वाजवत वाट काढणाऱ्या बाईच्या गाडीला, सगळ्या रंगांतून, न बोलणारीचा रंग मिळावा! याचा हिंदी अनुवाद करायला मला कुणी सांगितला, तर मी टीप देणार नाही. वाचकाला आपोआप कळेल.

दुसरीकडे साताऱ्याच्या सुरेखा यादव. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या रेल्वेत आल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन, म्हणजे आपली दख्खनची राणी, ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला नेली. राणीचं सारथ्य एका बाईच्या हाती यायला ऐंशी वर्षं लागली, आणि तोवर तिच्या राणीपणाला कुणी हरकत घेतली नव्हती. नाव स्त्रीलिंगी ठेवायला कुणाची ना नसते. चालवणारी स्त्री असली की मग प्रश्न येतात.

शेवटी मी घेतली ती छोटी, ऑटोमॅटिक, सीट वर-खाली होणारी गाडी. विक्रेत्याने पहिल्या पाच मिनिटांत सुचवलेल्या गाडीपासून ती फार दूर नाही. भाऊजी म्हणाले, “शेवटी लेडीज गाडीच घेतलीस ना?” मी “हो” म्हटलं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. गुडघा माझा, उंची माझी, हप्ता माझ्या अनुवादांतून जाणारा. शिक्का चुकवण्यासाठी मी मोठी गाडी घेतली असती, तर निवड पुन्हा त्यांचीच झाली असती, फक्त उलट बाजूने.

नोंदणीच्या अर्जात मालकाच्या नावापुढे कुणाचा पुत्र, कुणाची पत्नी, कुणाची पुत्री असा रकाना असतो. अर्ज भरणाऱ्या एजंटने न विचारता नवऱ्याचं नाव घालायला घेतलं. मी बाबांचं घालायला सांगितलं. त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “जैसा ये कहें.” ज्यांनी हजारो गाड्या बनवल्या आणि मला एकही शिकवली नाही, त्यांचं नाव आता एम.पी. २०च्या त्या कार्डावर माझ्या नावाखाली आहे. यात राग नाही. त्यांना ते आवडलं असतं, असं मला वाटतं.

आता मी आठवड्यातून दोनदा जबलपूरला जाते. रात्री परतायची वेळ झाली तर परतते. आईला पुढची सीट आवडते. ती पट्टा स्वतः लावते आणि डंपर ओलांडताना अजिबात बोलत नाही, ओलांडून झाल्यावर मात्र “हं” म्हणते. आईचं माहेर नागपूरचं, जबलपूरहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लखनादौन, सिवनी, मग पेंचच्या जंगलातून जाणारा रस्ता, जिथे आता वाघांना खालून जायला जागा ठेवून वरून महामार्ग नेला आहे. याच वाटेवर, सिवनीजवळ, १९४८च्या फेब्रुवारीत नागपूरहून परतताना सुभद्राकुमारींचा मोटार अपघातात अंत झाला. आईला ते ठाऊक आहे, तिच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. गेल्या रविवारी तिने कॅलेंडर काढलं, डिसेंबरातल्या एका शनिवारवर गोल केला आणि म्हणाली, “सकाळी सहाला निघू. चहा सिवनीला. भाऊजींना आत्ता सांगू नकोस, पोहोचल्यावर फोन कर.”