पांढरा कुठे थांबला?

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी बसलेल्या पोरांच्या मोबाइलमध्ये डोकावून बघा. क्रिकेट असतं, रील असतात आणि हमखास एखाद्याच्या हातात पूलचं टेबल असतं. मिनिक्लिपचा 'एट बॉल पूल' 2010 मध्ये आला आणि गावोगावच्या पोरांच्या बोटांत जाऊन बसला. पानमळ्यातून पानं खुडून आलेला, उसाच्या ट्रॅक्टरवर काट्याची वाट बघणारा, कॉलेजची गाडी चुकलेला, सगळे तो खेळतात. त्यांनाच विचारा, पूलवर पोट भरणारा जगातला एक खेळाडू सांगा. नाव येत नाही. क्रिकेटची बॅट कधी हातात न धरलेला माणूसही दहा क्रिकेटपटूंची नावं सांगतो. पूलचं उलटं आहे. खेळ घराघरात पोचला आणि खेळाडू दाराबाहेरच राहिला.

मी या खेळावर जगतो. बारामतीत छोटा हॉल चालवतो, टेबलं बसवतो, कापड बदलतो, पोरांना शिकवतो. शिकलो ते पुण्यातल्या एका हॉलमध्ये, मार्करच्या हाताखाली. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, बॉल लावणारा, टेबल झाडणारा माणूस. क्लबातले साहेब ज्याच्याकडून शिकतात आणि ज्याचं नाव कुठल्याही फलकावर लागत नाही, तो. मला जे काही येतं ते त्याचं देणं आहे. म्हणूनच हा खेळ लोकांपर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न मला धंद्याच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

पोचायला हवा होता, कारण मुळं इथलीच आहेत. पूलचा भाऊ स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. बिलियर्ड्सचा विल्सन जोन्स 1922 मध्ये पुण्यात जन्मला. 1958 मध्ये त्याने कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद जिंकलं. कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला त्याने ते पुन्हा जिंकलं. मुंबईच्या मायकल फरेराने पुढे हाच किताब अनेकदा आणला. पंचवीसहून जास्त जागतिक किताब मिळवणारा पंकज अडवाणी वाढला बंगळूरूत, पण जन्मला पुण्यात. पुण्याचीच अरांचा सांचिस भारताकडून जागतिक स्पर्धा खेळली. यातले तिघं पुणे जिल्ह्याच्या नावावर असताना त्याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात विल्सन जोन्स कोण, हे सांगणारा माणूस शोधावा लागतो.

कारण हे खेळ आपल्याकडे दोन दारांनी आले आणि दोन्ही दारं सामान्य घरासाठी बंद होती. एक दार जिमखान्याचं. तिथे सभासदत्व लागतं, बूट लागतात, इंग्रजी लागतं. दुसरं दार पार्लरचं. तळघरातला किंवा गाळ्यातला हॉल, काचेवर काळी फिल्म, आत धूर, आणि 'हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे' हा अलिखित नियम. टेबलाच्या पैशावरून गोष्ट पैजेवर जाते आणि पैजेवरून भांडणावर. मग आई-बाप पोराला म्हणतात, तिकडे फिरकायचं नाही. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मुलगी तर त्या जिन्याची पायरीही चढत नाही. जिमखाना आणि पार्लर यांच्यामध्ये शाळेचं मैदान, तालीम किंवा मंडळ यांसारखी जागा या खेळाला कधी मिळालीच नाही. माझ्या हॉलच्या काचा मी उघड्या ठेवल्या आहेत, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. आत सिगारेट नाही, टेबलाचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे द्यायचे. गिऱ्हाईक थोडं कमी झालं. पण आता बाप स्वतः पोराला घेऊन येतात, आणि मुलीही येतात.

तरीही फक्त दार उघडून भागत नाही. आत आलेल्याला काय बघायचं हे कळलं पाहिजे. माझ्या मते पूलच्या प्रसाराची खरी अडचण इथे आहे. जाहिराती, दिवे आणि बक्षिसाचे मोठे आकडे यांचा नंबर त्यानंतर लागतो.

आपल्या भागात कुस्तीचा फड भरतो तेव्हा हलगी वाजते आणि निवेदक बोलत असतो. कुणाचा पठ्ठा, कुठल्या तालमीचा, आता पट काढला, आता ढाक लावली, आता घिस्सा. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही डाव कळतो, कारण लहानपणापासून तो निवेदन ऐकत आलेला असतो. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं की दिवे, मॅट आणि तीस सेकंदांच्या चढाईने कबड्डीला प्रेक्षक मिळवून दिला. प्रेक्षक आधीच होता. गावागावांतल्या मातीत त्याने गुडघे फोडून घेतले होते. लीगने त्याच्यावर फक्त प्रकाश टाकला. पूलवाले तो प्रकाश उचलतात आणि माती विसरतात. 2017 मध्ये अहमदाबादला क्यू स्लॅम नावाची लीग झाली. पाच संघ, स्नूकर आणि नाइन बॉल पूल दोन्ही, टीव्हीवर प्रक्षेपण. प्रयत्न मनापासून केलेला होता, पण ती दरवर्षी भरणारी जत्रा झाली नाही. बघणारा तयार नसला की चांगला तमाशाही एका रात्रीत संपतो.

बघणारा तयार करता येतो, याचा दाखलाही आहे. ब्रिटनमध्ये स्नूकर हा हॉलमध्ये खेळायचा खेळ होता. 1969 मध्ये बीबीसीने 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू केला. रंगीत टीव्ही नवा होता आणि रंगीत बॉल दाखवायला बरे होते, एवढंच निमित्त. पण छोटा सामना, शांतपणे समजावणारा समालोचक आणि दर आठवड्याची सवय यांनी लोकांना खेळ वाचायला शिकवलं. 1985 चा जागतिक अंतिम सामना मध्यरात्रीनंतर शेवटच्या काळ्या बॉलवर आला, तेव्हा 1 कोटी 85 लाख लोक जागे राहून तो बघत होते. दुसरा दाखला फिलिपिन्सचा. तिथे पूलची टेबलं गल्लीबोळांत आणि टपऱ्यांजवळ मांडलेली असतात. एफ्रेन रेयेस हा पंपांगाचा मुलगा मनिलात काकाच्या हॉलमध्ये काम करत करत शिकला आणि 1999 मध्ये कार्डिफला नाइन बॉलचा जगज्जेता झाला. कार्लो बियाडो आधी गोल्फच्या मैदानावर कॅडी होता, पुढे 2017 आणि 2025 मध्ये जगज्जेता झाला. तिथला रिक्षावालाही त्यांना ओळखतो, कारण तो स्वतः त्या टेबलावर खेळलेला असतो.

आपल्याकडे गल्लीत पूलचं टेबल नाही, पण कॅरम आहे. मराठी माणसाला पूल समजवायला याहून चांगली वाट नाही. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर परत आपल्या हातात येतो आणि आपण तो रेषेवर आपल्याला हवा तिथे ठेवतो. पूलमध्ये पांढरा बॉल हातात परत येत नाही. तो जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका. सगळा खेळ या एका फरकात साठवलेला आहे. बॉल खिशात टाकणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं, आणि जास्त अवघड, म्हणजे पांढऱ्याला पुढच्या बॉलसमोर नेऊन उभं करणं. आम्ही त्याला पोझिशन म्हणतो. मोबाइलच्या खेळात बॉल कुठे जाणार याची रेघ स्क्रीनवर आखलेली असते, त्यामुळे पोराचं लक्ष निशाण्यावर राहतं. टेबलावर रेघ नसते. ती डोक्यात आखावी लागते, तीही तीन फटके आधी.

एकदा वारीची पालखी पुढे गेल्यावर निमगाव केतकीतल्या मंगल कार्यालयात मी टेबल लावलं आणि बारामतीच्या काही पोरांचे सामने घेतले. नाइन बॉलचे, कारण त्याचा नियम सोपा आहे: टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला पांढरा आधी लागला पाहिजे आणि नियमाने 9 खिशात टाकेल तो जिंकला. एका डावात 7, 8 आणि 9 एवढेच उरले. पहिल्या पोराने 7 ला असा सणसणीत फटका दिला की तो कोपऱ्याच्या खिशात आदळला. कार्यालयभर टाळ्या. पांढरा मात्र दोन कुशनना, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांना, आपटून 9 च्या मागे जाऊन लपला. 8 दिसेना. पोराने कुशनवरून प्रयत्न केला, लागला नाही, फाउल. दुसऱ्याने पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवला, 8 टाकला, 9 टाकला, संपलं.

पुढच्या खुर्चीवर पानमळेवाले एक आजोबा होते. म्हणाले, "आरं, टाळ्या पहिल्याला अन जिकला दुसरा? ह्ये कसं काय?"

मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही कॅरम खेळलाय ना?"

"खेळलोय की. पारावर."

"इथं स्ट्रायकर परत हातात येत नाही असं समजा."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग मी माइक घेतला आणि कुस्तीच्या निवेदकासारखं बोलायला लागलो. आता खेळाडूला बॉल टाकायचा आहे समोरच्या खिशात, पण पुढचा बॉल आहे पाठीमागे, टेबलाच्या त्या टोकाला. पांढरा मागे आणायचा तर क्यूचं, म्हणजे काठीचं, टोक पांढऱ्याच्या मध्याखाली लागलं पाहिजे, म्हणजे स्क्रू. काही डाव गेले आणि अशीच जागा पुन्हा आली. पोरगं खडू घासत होतं, मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "आता बघ, ह्यो पांढरा मागं वढंल." पोराने खाली वाकून मारलं. बॉल खिशात गेला, पांढरा क्षणभर जागेवर गरगरला आणि कापडावरून मागे सरकत पुढच्या बॉलसमोर येऊन थांबला. या वेळच्या टाळ्या योग्य जागी पडल्या. माझ्या हातून या खेळाचा जो काही प्रसार झाला असेल, त्यातला सगळ्यात मोलाचा तो क्षण.

असं बघता येण्यासाठी टेबलही खरं हवं. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद असतो. कापडाखाली स्लेटचे तीन तुकडे जोडलेले असतात. प्रत्येक तुकड्याखाली कागदाइतक्या पातळ पाचरी सारून मी लेव्हल घेतो, सांधे मेणाने भरतो, पात्याने खरवडून सपाट करतो. मग एक बॉल अगदी हळू सोडतो. जोरात मारलेला बॉल उतार लपवतो, मरत चाललेला बॉल शेवटच्या वितीत तो दाखवतो. पाचरी पुन्हा काढतो, पुन्हा घालतो. छोट्या गावांत स्वस्तातली, लहान आकाराची, स्लेटऐवजी संगमरवराची टेबलं येतात. पावसाळ्यात कापड ओलं होतं, उन्हाळ्यात उसाच्या आणि मुरमाच्या गाड्यांची धूळ बसते. अशा टेबलावर पांढरा ऐकत नाही. मग पोरं पोझिशनचा नाद सोडतात आणि नुसता जोर लावतात. वाईट टेबल वाईट खेळाडू घडवतं आणि त्याहून वाईट प्रेक्षक घडवतं.

खेळाच्या कारभाऱ्यांनीही वाट सोपी ठेवलेली नाही. एट बॉल, नाइन बॉल, टेन बॉल, चायनीज एट बॉल, प्रत्येकाचे नियम निराळे, काहींची टेबलंही निराळी. नव्या माणसाने कशाचा धागा धरायचा? आशियाई खेळांत क्यूचे खेळ 1998 ला बँकॉकमध्ये आले आणि 2010 च्या ग्वांगझूनंतर गेले. ऑलिंपिकमध्ये ते कधीच नव्हते. आपल्याकडे खेळाडूचं घर चालतं ते नोकरीवर. अडवाणीसारख्यालाही ओएनजीसीचा आधार लागला. पदकांची मोठी स्पर्धा नसली की असा आधार मिळणं कठीण होतं आणि बाप पोराला विचारतो, यात पुढे काय? त्याला खोटं उत्तर मी देत नाही. सांगतो की निव्वळ बक्षिसांवर जगणारे फार थोडे. पण शिकवणं, टेबलं बसवणं, पंचगिरी, समालोचन यांतही पोट भरतं. प्रेक्षक वाढला तर ही कामंही वाढतील.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. तालुक्याच्या क्रीडा संकुलात आणि प्रत्येक कॉलेजच्या जिमखान्यात एक खरं, सपाट टेबल असावं. कॅरम जिथे खेळतात त्याच खोलीत, उघड्या खिडकीजवळ, मुलींना येता येईल अशा वेळी. स्पर्धा घेणाऱ्यांनी गावोगाव एकच प्रकार धरावा, नाइन बॉल. आणि प्रत्येक सामन्याला मराठी बोलणारा निवेदक असावा. कुस्तीच्या फडात तयार झालेले निवेदक आपल्याकडे आहेत. चार संध्याकाळी टेबलाशेजारी बसले तर पूलही ते असा सांगतील की बांधावरचा माणूस जागचा हलणार नाही.

तुम्हालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी मोबाइलवर किंवा टीव्हीवर पूलचा सामना दिसला, तर पुढे सरकवू नका. एक डाव बघा. कुठला बॉल खिशात गेला याकडे लक्ष देऊ नका. प्रत्येक फटक्यानंतर पांढरा कुठे थांबला तेवढं बघा, आणि फटक्याआधी तो कुठे थांबेल याचा अंदाज स्वतःशी बांधा. तुमचा पहिला अंदाज बरोबर आला की या खेळाला एक प्रेक्षक मिळाला असं मी समजेन.