अळणी छायाचित्रे

कृष्णधवल छायाचित्र म्हणजे रंगीत छायाचित्राचे गरीब भावंड, असा समज आपल्या घराघरांत रुजलेला आहे. रंगीत फिल्म परवडत नव्हती तेव्हा लोकांनी काळ्या-पांढऱ्यावर भागवले आणि परवडू लागताच ते सोडून दिले, एवढाच त्याचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. तो खोटा आहे असेही नाही. त्यामुळे सांगलीतील एका श्रावक कुटुंबातील नात, पुण्यात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असताना, जुना फिल्मचा कॅमेरा विकत घेऊन सुटीला घरी आली, तेव्हा मंडळींना तो शुद्ध अपव्यय वाटला. खिशातल्या मोबाइलवर हवी तितकी रंगीत चित्रे निघत असताना ३६ चित्रांच्या रोलला पैसे मोजायचे, तो धुण्यासाठी पुन्हा खर्च करायचा, आणि हाती काय येणार, तर रंग नसलेली चित्रे! पहिला रोल धुऊन आल्यावर आजीने एकेक चित्र दूर धरून पाहिले आणि म्हणाली, "अळणी लागतात गं."

हा शब्द आजीच्या तोंडून यावा, यात एक गंमत होती. कित्येक वर्षे दर रविवारी तिला मीठ वर्ज्य आहे. बाह्य तपांच्या सहा प्रकारांतील रसपरित्याग तिच्यासाठी ग्रंथातली व्याख्या नाही, ती स्वयंपाकघरातली रीत आहे. अळणी जेवणाचा पहिला घास कोणालाच रुचत नाही. पण असे काही रविवार गेले की ज्वारीच्या भाकरीला स्वतःची गोडी असते हे लक्षात येते, मुगाच्या आमटीत मूग लागू लागतो, दोडका आणि दुधी यांच्या चवीतला फरक जिभेला कळतो. मीठ इतके दिवस या सर्वांवर अंमल गाजवत होते, हे मीठ बाजूला झाल्यावरच उमगते. रंगाचेही असेच आहे. नातीने त्या दिवशी हे उत्तर दिले नाही, कारण तिलाही ते अजून सापडलेले नव्हते.

रंग गेला की प्रथम गोंधळ होतो. हिरव्या शालूला तांबडा काठ असतो. डोळ्यांना तो भेद दुरूनही जाणवतो. कृष्णधवल चित्रात मात्र दोन्ही रंग प्रकाश सारखाच परतवत असतील, तर काठ आणि अंग एकाच करड्या छटेत विरून जातात. उलट, एकाच रंगाच्या भिंतीवर सकाळचे तिरपे ऊन पडले की डोळ्यांनी कधी दखल न घेतलेला चुन्याचा प्रत्येक खडबडीतपणा उठून दिसतो. जुन्या काळच्या फिल्म तर तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्याच होत्या. म्हणून त्या वेळच्या अनेक चित्रांत सुवासिनींच्या कपाळावरचे कुंकू बुक्क्यासारखे काळे दिसते. म्हणजे ही फिल्म जगाची नक्कल करत नाही, ती आपल्या परीने त्याचा अनुवाद करते. ती भाषा वाचायला शिकावे लागते, आणि शिकताना "हे कोणत्या रंगाचे आहे" हा प्रश्न सोडून "यावर प्रकाश कुठून आणि किती येतो आहे" हा प्रश्न विचारावा लागतो.

नातीला हा धडा कुंभोजच्या बाहुबलींनी दिला. तेथील २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठापित झाली. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी असलेली ती शुभ्र मूर्ती दक्षिण महाराष्ट्रातील जैन माणसाला नवी नाही. मोबाइलवर घेतलेल्या तिच्या चित्रांत निळे आकाश, हिरवी डोंगरबाजू आणि यात्रेकरूंचे रंगीबेरंगी कपडे यांतून नजर मूर्तीपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचाही एक स्वभाव असतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो सर्व काही मध्यम करडे धरून चालतो. शुभ्र संगमरवरावर रोखला तर तो संगमरवराला करडा करून टाकतो, आणि श्यामवर्णी पाषाणमूर्तीवर रोखला तर तिलाही करडीच. पांढऱ्याला पांढरे राखायचे तर मापकाचे न ऐकता दीड-दोन स्टॉप प्रकाश अधिक द्यावा लागतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट. काळ्याला काळे ठेवायचे तर तेवढाच कमी करावा लागतो. यंत्राचा सल्ला घ्यावा, पण सही आपली असते, ही गोष्ट हिशेबाच्या वह्या सांभाळलेल्या माणसांना समजावून सांगायला नको.

अमेरिकेतील अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास याच विचाराला पद्धतीचे रूप दिले. गडद काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा विभाग कल्पायचे, आणि समोरच्या दृश्यातील कोणती वस्तू कोणत्या विभागात बसवायची हे कळ दाबण्याआधीच ठरवायचे. अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी करत होता. निगेटिव्ह ही त्याला संगीताच्या लिखित स्वरलिपीसारखी वाटे आणि प्रिंट ही तिच्या वादनासारखी. आपण बंदिश आणि गायन म्हणू. पद्धत ऐकायला रुक्ष आहे खरी, पण हाती बसल्यावर ती नजरेत मुरते. नातीने नारिंगी फिल्टर लावून बाहुबलींचे दुसरे चित्र घेतले. या फिल्टरमुळे निळा प्रकाश अडतो आणि आकाश काळवंडते. त्या गडद आकाशावर मूर्तीच्या खांद्यांची, हातांवर चढलेल्या वेलींची आणि मिटल्या ओठांची एकेक कड उजळली. आजीने हे चित्र बराच वेळ हातात धरले. या वेळी ती अळणी म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही.

फिल्म धुण्याची विद्या नातीने पुण्यातील न्हाणीघरात आत्मसात केली. संपूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या जाणिवेने, फिल्म डब्यातील चक्रीवर चढवायची. मग २० अंश तापमानाचे डेव्हलपर ओतायचे. मे महिन्यात नळालाच तिसाच्या पुढचे पाणी येते, म्हणून बादलीत बर्फ टाकून बाटल्या गार करायच्या. जुने स्टुडिओवालेही हेच करत. शेवटी हायपो. हे द्रव्य न उमटलेली चांदी विरघळवून टाकते, हा गुण जॉन हर्षल या शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच, म्हणजे छायाचित्रणाचा जन्म होण्यापूर्वीच, नोंदवून ठेवला होता. प्रिंट काढताना मात्र लाल दिवा चालतो. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी डोळे, केस, सावल्या आणि मग हळूहळू बाकीचा चेहरा वर येतो. ते पाहिलेला माणूस त्या नादातून सहजी सुटत नाही.

या नादाला आपल्या समाजात एक थोर पूर्वज आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. रुडकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला सरकारी नोकरीत लागले आणि तिथेच कॅमेऱ्याच्या नादी लागले. ग्वाल्हेर, सांची, खजुराहो येथील वास्तूंची त्यांची चित्रे, पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून केलेले काम, निजामाने दिलेला 'राजा' हा किताब, १८९६ मध्ये मुंबईत उघडलेला स्टुडिओ, हा सारा प्रवास एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांच्या चित्रांतील दगडाला वजन असते. खांबामागचा अंधारही रिकामा वाटत नाही. रत्नातील पाणी पारखणाऱ्या घराण्यातील नजर छायेतील सूक्ष्म भेद पारखण्यासाठी वापरली गेली, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु नात दीनदयाळांविषयी वाचत गेली आणि तिथेच एका वाक्यापाशी अडखळली. त्यांच्या काळात प्रिंटचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन तयार केला जाई, आणि त्यांची कितीतरी चित्रे अशाच कागदावर आहेत. ती पद्धत कधीच मागे पडली, असे म्हणून तिने पान उलटले, तर पुढची माहिती अधिक जवळची निघाली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरून काचेवर पसरण्याची युक्ती सुचवली. तेव्हापासून आजच्या रोलपर्यंत फिल्मवरचा थर जिलेटिनचाच आहे. जिलेटिन गुरांची हाडे आणि कातडी शिजवून मिळते. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीचा संशोधक सॅम्युएल शेपर्ड याला तर असे आढळले की, जनावराने चाऱ्यात मोहरीसारख्या वनस्पती खाल्ल्या असतील तर त्यांतील गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि फिल्म प्रकाशाला अधिक तत्पर होते. म्हणजे त्या मुक्या प्राण्याने कोणत्या बांधावर काय चरले, त्याचीही खूण चित्रात शिल्लक राहते.

ज्या घरात डॉक्टरांना सांगून कॅप्सूलऐवजी गोळी लिहून घेतली जाते, लहान मुलांच्या हातातील जेलीची वडी काढून घेतली जाते, त्या घरातील शीतकपाटात, भाजीच्या कप्प्याशेजारी, फिल्मचे दोन रोल ठेवलेले होते. गारव्यात फिल्म टिकते म्हणून. त्याच संध्याकाळी नातीने ते बाहेर काढले. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. आजी मंदिरातून परतल्यावर तिने सगळे सांगितले. पुढे असेही म्हणाली, "आजी, फिल्मसाठी म्हणून कोणी जनावर मारत नाही. कत्तलखान्यात जे उरतं त्याचंच हे करतात."

"कॅप्सूलसाठी तरी कुठं मारतात?" आजी म्हणाली. "कृत, कारित, अनुमोदना. पाठशाळेत घोकलं होतंस की."

नात काही वेळ गप्प राहिली. मग तिने भिंतीकडे बोट केले. तिथे आचार्य शांतिसागर महाराजांचे चित्र आहे, जसे ते आपल्याकडील असंख्य घरांत असते. महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्यांचे मूळ छायाचित्र त्या काळी ज्या साधनाने घेणे शक्य होते, त्याच साधनाने घेतले गेले. "मग हे?" तिने विचारले.

आजीने चित्राकडे पाहून हात जोडले. थोड्या वेळाने म्हणाली, "घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं, बाळ. तुला आता ठाऊक झालं. जे आहे ते जपून ठेवावं. पुढचं तुझं तू ठरव. नियम आपण घ्यायचा असतो, दुसऱ्यानं द्यायचा नसतो."

हे उत्तर पुरेसे आहे का, यावर वाचकांचे दुमत होऊ शकेल. कोणी म्हणेल, मोबाइल वापरला की प्रश्न मिटला. तो तितका सहज मिटत नाही. मोबाइलमधील धातूही खाणीतूनच येतात, आणि खाणीखाली जे चिरडले जाते त्याची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही. दुसरा म्हणेल, संसारात राहायचे तर आरंभी आणि उद्योगी हिंसा टळत नाही, मग एका फिल्मचा एवढा विचार कशाला? पण ज्याला ही कला आवडलीच नाही त्याने ती सोडणे हा काही त्याग नव्हे. नातीचा पेच खरा होता, कारण तिला त्या चित्रांची चव कळलेली होती. ज्वारीची गोडी लागलेल्या माणसाला ज्वारीच सोडायला सांगण्यासारखे ते होते.

तिने पुढच्या दशलक्षणापर्यंतचा नियम घेतला. नवी फिल्म नाही, नवा कागद नाही. आयुष्यभराचा नियम घेण्याचे धाडस तिला झाले नाही, आणि आजीनेही तो मागितला नाही. उरलेले दोन रोल वापरावेत की परत करावेत, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी ज्या दुकानातून घेतले त्याने ते परत घेतले, काही रक्कम कापून.

हात रिकामे झाल्यावर तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. दिवंगत आजोबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा तीत होता आणि त्याखाली पातळ कागदात गुंडाळलेल्या निगेटिव्ह होत्या. एका रोलला बारा, सहा सेंटिमीटरचे चौकोन. काही वेष्टनांवर 'इंदू' हे नाव होते. उटीच्या सरकारी कारखान्यातील ही फिल्म. चांदीवर चालणाऱ्या वस्तूला चंद्राचे नाव देणारा कोणीतरी रसिक त्या कारखान्यात असला पाहिजे. निगेटिव्हवरची धूळ मऊ ब्रशने हलकेच झाडायची, संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून तिचे चित्र घ्यायचे, आणि काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे करायचे, असे काम सुरू झाले. पूर्वी तिला ही चित्रे एकसारखी दिसत असती. आता आजोबा उन्हाकडे पाठ करून उभे राहत, दुपारी बाराला कॅमेरा काढतच नसत, सावलीतल्या चेहऱ्यासाठी माणसाला चुन्याच्या भिंतीजवळ उभे करत, हे तिला वाचता येऊ लागले. त्यांनी कोणाजवळ हे कधी बोलून दाखवले नव्हते.

एक चित्र कुंभोजचे निघाले. मागे बाहुबली, प्रकाश जास्त झाल्याने संपूर्ण पांढरे, आणि पुढे पायरीवर छत्रीच्या सावलीत विशीतील आजी. डोळे किंचित बारीक केलेले, हातात पितळी डबा, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. नातीने ते मोठे करून दाखवले. आजीने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ही साडी कोणत्या रंगाची होती, आजी?"

"हिरवी," आजी लगेच म्हणाली. मग पडद्याजवळ वाकली. पदर आणि काठ दोन्ही एकाच करड्या छटेचे होते. "का तांबडी? दोन्ही होत्या माझ्याकडं. तुझ्या आजोबांना आठवलं असतं."