किर्लोस्करवाडीचे बिनव्याजी कर्ज

मिरजेहून पुण्याकडे निघालेली गाडी भिलवडी मागे टाकते आणि थोड्याच वेळात एका बेताच्या स्टेशनात शिरते. पाटी असते ‘किर्लोस्करवाडी’. खिडकीतून ही पाटी मी आजवर किती वेळा वाचली असेल, पण उतरण्याचा योग काही आला नव्हता. यंदा श्रावण सरता सरता तो आला.

या स्टेशनाचे मूळचे नाव कुंडल रोड. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले होते. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. पुढे धंद्याचे जरा बस्तान बसते आहे तोच गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे झाले. संस्थान ते केवढे! पण त्यांनी स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्ज दिले, तेही बिनव्याजी. १९१० साली लक्ष्मणराव आपली माणसे घेऊन इथे आले, तेव्हा सगळीकडे निवडुंग माजलेला होता आणि त्यात नागांची वस्ती होती.

आज त्या माळावर निवडुंग औषधालाही सापडायचा नाही. कारखान्यात पंप होतात, रस्त्याला झाडांची सावली आहे, आणि भोवती जिकडे पाहावे तिकडे उसाचे हिरवे मळे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही गोष्टही या वाडीचीच.

हे सारे मनात घोळवीत मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारी तिशीचा एक तरुण होता. हाताच्या रेषांत काळे तेल मुरलेले. मी तोफांची गोष्ट काढली तशी तो हसला. “काका, नांगराची गोष्ट आम्हाला शाळेपासून पाठ आहे. आमचं वर्कशॉप बघायला येता का?”

त्याच्या दुचाकीवर मागे बसून मी पलूसच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. पत्र्याची शेड, दोन लेथ, तीन कामगार आणि भिंतीवर गणपतीचे कॅलेंडर. ओतीव सुटे भाग आणून ते घासून, आटे पाडून द्यायचे, हे त्याचे काम. दुसरा लेथ त्याने मुद्रा योजनेतून घेतलेला. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळे. ज्यांनी आधीचे कर्ज नीट फेडले, त्यांच्यासाठी २०२४ साली ही मर्यादा २० लाखांवर नेली.

“म्हणजे सरकारची मदत मिळाली की!” मी म्हणालो.

“मिळाली. खोटं कशाला बोलू? कर्ज मिळालं, शेड मिळाली. पण माल देऊन सहा महिने झाले तरी पैसे नाहीत. परगावची मोठी कंपनी आहे. फोन केला की ‘बिल वर गेलंय’ म्हणतात. इकडं बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला हजर!”

वास्तविक यावर कायदा आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचा माल घेतला, की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३ साली प्राप्तिकराच्या कायद्यातही कलम घातले: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च हिशेबात धरता येणार नाही. दाद मागायला राज्याची परिषदही आहे. मी हे सांगू लागलो, तर त्याने टेबलाच्या खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. अर्ज भरून तयार होता. तारीख तेवढी कोरी.

“हा धाडला की पैसे कदाचित येतील. पण पुढची ऑर्डर येणार नाही. माझं निम्मं काम त्यांचंच आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दिवाळीचा बोनस द्यायचाय. घरच्या पाटल्या सोनाराकडं ठेवल्यात. या तिघांना ठाऊक नाही.”

लेथ फिरत होता. चकचकीत लोखंडी कीस वेटोळे घेत खाली पडत होता. मला पंतप्रतिनिधींचे ते १०,००० रुपये आठवले. तेव्हा राजाने लहान माणसाला बिनव्याजी कर्ज दिले होते. आज हा लहान माणूस, पाटल्या गहाण टाकून, एका मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होता! सरकारने भांडवल दिले, कायदाही केला. पण तो कायदा जागा व्हायला आधी दुबळ्याने तक्रार करावी लागते, आणि तक्रार केली की त्याची भाकरी जाते. थकलेली बिले सरकारने आपणहून हुडकली, तर कोरी तारीख ठेवून बसायची पाळी कोणावर यायची नाही.

“काका, तुम्ही काय केलं असतं?” स्टेशनावर सोडताना त्याने विचारले. मी नोकरीत जन्म काढलेला माणूस. दर पहिल्या तारखेला पगार घेतलेला. मला उत्तर देता आले नाही.

परवा त्याचा फोन आला. वसाहतीतल्या आणखी चौघांची बिले त्याच कंपनीकडे अडकलेली निघाली. पाचही जणांनी एकाच दिवशी अर्ज धाडले.

“आता पाचांचंही काम एकदम काढून घेणं त्यांना जड जाईल,” तो म्हणाला.

“आणि बोनस?”

“वसुबारसेला दिला. पाटल्या अजून सोनाराकडंच आहेत. पाडव्याला ओवाळून घेताना तिच्या मनगटाकडं बघायचं नाही, एवढं ठरवलंय.”

मागे लेथचा आवाज चालू होता.