वाकलेली पाठ

मनुष्याची पाठ मोठी सोशिक असते. ती दुखू लागेपर्यंत तिची आठवण आपणांस क्वचितच होते. काही वर्षांपूर्वी आम्ही हैदराबाद येथील नल्लकुंटा ह्या भागात एका कुटुंबाकडे पंधरवडाभर उतरलो होतो. हे कुटुंब मूळचे आमच्या धर्मग्रामातील. नोकरीनिमित्त तिकडे गेलेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाण्याने भरलेली बादली उचलताना आमच्या कमरेत उसण भरली व आम्ही जागच्या जागी खिळून राहिलो.

पूर्ण विश्रांती हाच ह्यावर उपाय, अशी आमची समजूत. तीन दिवस आम्ही अंथरुणास पाठ लावून पडलो. घरच्या बाई वेळेवर गरम पाण्याची पिशवी आणून देत, जेवणाचे ताट खोलीत आणीत. परंतु कंबर सैल होण्याऐवजी अधिकच आखडली.

चौथ्या दिवशी शेजारचे एक वृद्ध डॉक्टर आले. पडला होता काय, ताप येतो काय, वजन घटले आहे काय, पायात बधिरता वा दुर्बलता आहे काय, लघवी व शौच ह्यांवर ताबा आहे ना, असे त्यांनी एकेक विचारले. आमची उत्तरे ऐकून ते हसले व म्हणाले, "मग फादर, अंथरूण सोडा!"

त्यांनी आम्हांस एका प्रयोगाची हकीकत सांगितली. फिनलंड देशातील हेलसिंकी नगरीच्या १८६ नोकरांवर केलेला हा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस निजवून ठेवले, काहींना व्यायाम दिले, तर काहींना झेपेल तसे नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. नित्याचे व्यवहार करणारे सर्वांत लवकर बरे झाले. निजून राहिलेल्यांस सर्वांत अधिक वेळ लागला.

आम्ही उठलो. प्रथम खोलीतून ओसरीपर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत आणि आठवडा संपता संपता सर रोनाल्ड रॉस ह्यांचे नाव धारण करणाऱ्या साथरोगांच्या इस्पितळापर्यंत चालून आलो. लोक त्यास 'कोरंटी' म्हणतात.

त्या संध्याकाळी परतलो तो बाई नळाजवळ उभ्या होत्या. भरलेला हंडा खाली ठेवून, एक हात भिंतीस व दुसरा कमरेस लावून त्या सावकाश सरळ होत होत्या.

"बाई, आपलीही कंबर दुखते काय?" आम्ही विचारले.

"दुखते, फादर. धाकट्याच्या बाळंतपणापासून. पण सांगायचे कोणास? कामे तर व्हायलाच हवीत."

धाकटा तेव्हा महाविद्यालयात शिकत होता! तीन दिवस आम्ही ह्या माउलीची सेवा घेतली. परंतु तिच्या पाठीकडे आमची दृष्टी गेली नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकून चालणारी स्त्री आहे. तिने काहीच मागितले नव्हते. प्रभूनेच तिला पाहिले व जवळ बोलाविले. हे वचन आम्ही कितीदा वेदीवरून वाचले होते! त्या संध्याकाळी ते आमच्या मनास बोचले.

वाचकहो, घरगुती उपाय साधे आहेत. पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरावीस मिनिटे शेकावे. मात्र ती अंगाखाली घेऊन झोपी जाऊ नये. कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. दिवसातून अनेकदा थोडेथोडे चालावे. ओझे उचलताना गुडघे वाकवून ते अंगाशी धरावे व एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान कराव्यात. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नये. जुनाट दुखण्यावर कमरेचा पट्टा नित्य बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. व्यायामास मात्र तिची संमती आहे. परंतु डॉक्टरांनी आम्हांस विचारलेली लक्षणे आढळली तर घरी थांबू नये. ताप व घटते वजन ह्यांमागे मणक्याचा क्षयही असू शकतो. लघवी अडली, तिच्यावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर त्याच घटकेस इस्पितळ गाठावे.

ह्या उपायांत आणखी एकाची भर घालावी लागेल. त्या रात्री रोझरीनंतर आम्ही नळाजवळचा प्रसंग घरातील सर्वांसमोर सांगितला. यजमान काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे हंड्यांचा आवाज आला म्हणून आम्ही डोकावून पाहिले. पाणी धाकटा भरत होता, आणि यजमान चुलीपाशी चहाचे आधण ठेवीत होते.

आपल्या गावी विहिरीवरून हंडे येतात, भातलावणीत दिवसभर पाठी वाकतात, भाजीच्या टोपल्या डोक्यांवर चढतात. आज रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर आपल्या घरातील अशा एका पाठीची विचारपूस करा. तिने आपण होऊन सांगण्याची वाट पाहू नका.