प्लास्टिकचं हॅलिफॅक्स

आमच्या घरात एक बॉम्बर विमान आहे. डोंबिवलीच्या चाळीतून ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलं, माझ्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरलं आणि आता लेकीच्या पुस्तकांच्या फडताळावर विसावलंय. मामाने विलायतेहून आणलेल्या एअरफिक्सच्या खोक्यात त्याचे सुटे भाग होते. हॅलिफॅक्स, मूळ विमानाच्या बहात्तरपट लहान. जोडताना नाकाच्या पारदर्शक तुकड्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो अजून आहे. त्या लहान वयात विमान म्हणजे चार इंजिनं आणि बंदुका. आत माणसं बसतात, हे डोक्यातही आलं नव्हतं.

कॉलेजात असताना लायब्ररीतल्या एका पुस्तकात सिरिल बार्टन भेटला. वय 22, रॉयल एअर फोर्सच्या 578 स्क्वॉड्रनचा पायलट. 30 मार्च 1944 च्या रात्री तो हॅलिफॅक्स घेऊन नुरेम्बर्गकडे निघाला. चांदणं होतं, आडोशाला ढग नव्हते आणि जर्मन लढाऊ विमानं टपलेली होती. त्या एका रात्रीत ब्रिटिशांची 95 बॉम्बर विमानं गेली. नुरेम्बर्ग शंभरेक किलोमीटरवर असताना बार्टनच्या विमानावरही हल्ला झाला. एक इंजिन जायबंदी, बंदुका बंद, आपसांत बोलायचा इंटरकॉम ठप्प. त्या धांदलीत एका इशाऱ्याचा अर्थ भलताच लागला आणि नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर, वायरलेस ऑपरेटर या तिघांनी पॅराशूट घेऊन उड्या टाकल्या.

हे वाचून घरी आलो आणि विमान खाली काढलं. हॅलिफॅक्समध्ये हे तिघेही पुढे नाकाकडे बसत, वायरलेसवाला तर पायलटच्या बरोबर खाली. म्हणजे माझ्या अंगठ्याच्या ठशामागची सगळी जागा त्या रात्री रिकामी झाली होती. वाट दाखवणारा गेला, बॉम्ब टाकणारा गेला, जमिनीशी बोलणारा गेला. उरले फ्लाइट इंजिनिअर, दोन गनर आणि बार्टन.

तरी तो पुढे गेला. बॉम्ब त्याने स्वतःच सोडले. मग गळक्या टाक्या आणि समोरचा वारा यांना तोंड देत, साडेचार तास अंदाजाने उडत इंग्लंडचा किनारा गाठला, तो तळापासून दीडशे किलोमीटर उत्तरेला. रायहोप या कोळसाखाणीच्या गावाजवळ पेट्रोल संपत आलं. पॅराशूट उघडायलाही उंची उरली नव्हती. सोबत्यांना सावरून बसायला सांगून त्याने एका इंजिनावर घरांपासून दूर उतरायची शिकस्त केली. तिघे सोबती वाचले. बार्टन गेला, आणि त्या अपघातात एक खाणकामगारही. बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कितीतरी वर्षं ही गोष्ट मी एवढीच सांगत आलो. पुढे कामानिमित्त यॉर्कला जाणं झालं, तेव्हा एल्व्हिंग्टनच्या संग्रहालयात हॅलिफॅक्स पाहिलं. मोडक्या अवशेषांतून नव्याने उभं केलेलं. त्याच्या धडाचा एक भाग स्कॉटलंडमधल्या बेटावर कोंबड्यांचं खुराडं झाला होता. मी पंखाखाली उभा राहिलो आणि पहिल्यांदाच विमानाचं पोट नीट पाहिलं. फडताळावरच्या विमानाचं पोट दिसत नाही. या विमानाचा सगळा संसार मात्र त्या पोटातल्या बॉम्बसाठीच मांडलेला होता.

बार्टनच्या त्या रात्री शंभरावर विमानांनी नुरेम्बर्ग समजून श्वाइनफुर्ट या दुसऱ्याच शहरावर बॉम्ब टाकले. दोन्हीकडे खाली माणसांचीच घरं. रायहोपची घरं चुकवायला धडपडणाऱ्या हातांनी काही तासांपूर्वी बॉम्ब सोडले होते. यातला खरा बार्टन कोणता, असं मी आता विचारत नाही. जे घर डोळ्यांना दिसलं, ते त्याने वाचवायला पाहिलं. हजारो फुटांवरून, काळोखात, घर दिसत नाही. नकाशावरचं ठिकाण तेवढं उरतं. हवाई युद्धाची मेख तीच आहे.

त्या युद्धात रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडचे 55,573 जण मेले, शंभरातले 44. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचं स्मारक व्हायला 2012 उजाडलं. तिथल्या कोरीव मजकुरात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचीही आठवण आहे, हे मला मोलाचं वाटतं.

लेकीने विमान मागून घेतलं, तेव्हा तिला सगळी गोष्ट सांगितली, श्वाइनफुर्टसकट. तिने विचारलं, "बाबा, मग तो हिरो की नाही?" म्हटलं, हिरोच. पण त्याला कशासाठी पाठवलं होतं, तेही त्याच दमात सांगायचं.