चोरलेला मनी प्लांट

आमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये तीन कॉट, दोन टेबलं, एक मूडी पंखा आणि एक मनी प्लांट होता. बाकी सगळं कॉलेजचं. मनी प्लांट चोरीचा.

चोरी अगदी ठरवून केलेली. फर्स्ट इयरला आमच्या रूमचा स्कोअर तीन गडी, पाच बॅकलॉग असा लागला. तेव्हा शेजारच्या रूममधल्या एका ज्योतिषाचार्याने (हा स्वतः मेकॅनिकलचा!) सांगितलं की रूममध्ये मनी प्लांट लावा, लक बदलतं. अट एकच. विकत आणायचा नाही, कुणाकडून मागायचाही नाही. चोरूनच आणायचा, तरच लागतो. ही समजूत तुमच्या घरीही कुणी ना कुणी ऐकवली असणारच. माझी आई तर शेजारच्या काकूंच्या गॅलरीतून फांदी तोडून आणायची आणि काकू आमच्याकडून! दोघींना सगळं माहीत, पण बोलायचं कुणी नाही.

मग एका रात्री मेसवरून येताना एका सरांच्या बंगल्याच्या कुंपणावरून मी एक छान, हिरवंपिवळं, मोठं पान खुडून आणलं. शीतपेयाच्या बाटलीत पाणी घालून ठेवलं. पंधरा दिवस पान ताजंतवानं राहिलं, नंतर देठापासून कुजलं. मूळ काही फुटलं नाही.

माझा रूम पार्टनर वाळवा तालुक्यातला, घरी ऊस. त्याने बाटली उचलून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"येड्या, ह्याला डोळा कुठाय? उसाचं बेणं लावताना डोळा बघत्यात का नाही? नुसतं पाचट लावून ऊस येतोय व्हय?"

तेव्हा मला कळलं की मनी प्लांटला मूळ फुटतं ते पेरातून. जिथे पान खोडाला चिकटतं तिथे एक बारीक तपकिरी उंचवटा असतो, तो फांदीवर यायलाच हवा. नुसतं पान कितीही देखणं असलं तरी उपयोग शून्य. दुसऱ्या चोरीला तो स्वतः आला. दाढीच्या ब्लेडने पेराच्या जरा खाली तिरका काप घेतला. दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसायला लागली आणि आम्ही चहा मागवून सेलिब्रेट केलं.

पुढचं सगळं शास्त्र त्याचंच. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घालायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पाण्यात एकच पेर बुडवायचं, पानं नाहीत. पारदर्शक बाटलीत ऊन लागलं की शेवाळ धरतं, म्हणून बाटलीला कागद गुंडाळायचा. कागद कुठला? माझी ग्राफिक्सची रिजेक्ट झालेली शीट! आयुष्यात तिचा तेवढाच उपयोग झाला. खिडकीत ठेवायचा, पण थेट उन्हात नाही, पानं करपतात. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यातही नाही, नाहीतर पानांवरचे पिवळे पट्टे जाऊन नुसता हिरवा उरतो. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, मग उजेड कमी पडला की झाड ती चैन बंद करतं. आमच्या पॉकेटमनीसारखंच.

आणि पाणी दर आठवड्याला बदलायचंच. हे त्याने सांगितलं नव्हतं, डेंग्यूने शिकवलं. आमच्या विंगमध्ये दोघे आजारी पडले तेव्हा तपासणीला माणसं आली, त्यांनी आधी कूलर बघितला आणि मग सरळ आमची बाटली. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. लक आणायला ठेवलेल्या बाटलीतून काय काय येऊ शकतं बघा.

एम-थ्रीचा अभ्यास करायला लायब्ररीत बसलो की मला हमखास दुसरंच काहीतरी वाचावंसं वाटतं. त्यात या झाडाची कुंडली सापडली. हे मूळचं प्रशांत महासागरातल्या मोरेआ नावाच्या बेटावरचं. कुळ मात्र आपल्या अळूचं, म्हणूनच चावलं तर तोंड खाजतं (करून बघू नका). आणि याला फूल येतच नाही म्हटलं तरी चालेल! 2016 साली संशोधकांनी त्याचं कारण शोधलं. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या एका जनुकातच बिघाड आहे. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे घरोघरचा मनी प्लांट कुणीतरी कुणाच्या तरी वेलावरून तोडून आणला म्हणूनच तिथे आहे. चोरीची समजूत वाटते तितकी बिनबुडाची नाही!

गिफ्टच्या दुकानातला तो लकी बांबूही बांबू नाहीच. ड्रासीना नावाचं आफ्रिकेतलं झुडूप आहे. आणि 'हवा शुद्ध होते' म्हणाल, तर 2019 मधल्या एका आढाव्याप्रमाणे साध्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. आमच्या रूममध्ये मग कॉट बाहेर काढाव्या लागल्या असत्या.

हे सगळं मी पार्टनरला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. फुरिअर सांग."

फुरिअर मला येत होतं. त्याला येत नव्हतं. त्याने माझी निम्मी जर्नल्स लिहिली होती, वर्कशॉपचा जॉब तर अख्खा त्यानेच घासला होता. मी 'उद्या सांगतो' म्हणालो. पीएलमध्येही तेच म्हणालो. पेपरच्या आदल्या रात्री दीड वाजता तो वही घेऊन माझ्या कॉटशी आला. मी जागा होतो. पण माझं लाप्लास राहिलं होतं, म्हणून डोळे मिटून पडलो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग लाईट बंद करून पॅसेजमध्ये जाऊन बसला.

निकाल लागला. मी ऑल क्लिअर. त्याचा एम-थ्री राहिला, आधीचे धरून तो वायडी. आणि वायडी म्हणजे हॉस्टेलची रूमही गेली.

त्या दिवशी तो सामान बांधत होता. मी म्हटलं, बाटली तू घेऊन जा. वेल तोवर खिडकीचे गज पार करून पंख्याच्या बटणापर्यंत पोचला होता.

"दिलेला लागत न्हाई," तो म्हणाला. एवढंच.

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी म्हटलं, "मी जरा मेसवर जाऊन येतो." भूक नव्हती. मेसवर एक चहा घेतला, तो संपल्यावर आणखी एक घेतला. फुरिअरचं सांगावं असं फार मनात होतं. परत जाऊन सांगितलं असतं तर तो रूममध्येच होता. मी तिसरा चहा घेतला.

परत आलो तेव्हा त्याची कॉट रिकामी होती. टेबलावर ब्लेड होतं. वेलाचा शेंडा गेला होता, चांगला हातभर. काप पेराच्या जरा खाली, तिरका. कापलेल्या टोकाला पाण्याचा एक थेंब जमला होता.

त्या दिवशी बुधवार, पाणी बदलायचा वार. मी बादलीत पाणी भरून ठेवलं.