बंद ॲम्पचं भाडं

ज्या संयोजकांनी माझ्या पाकिटातून ॲम्पच्या टेम्पोचे पैसे कापले, त्यांनीच त्या संध्याकाळी स्टेजवर माझ्या मागे ठेवायला एक ॲम्प भाड्याने आणला होता. बंद पडलेला. त्याला विजेची वायरसुद्धा नव्हती, आत व्हॉल्व्ह होते की नव्हते देव जाणे. तो फक्त दिसायला हवा होता. या गोष्टीला बरेच महिने झाले, तरी आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, गाण्यांच्या कार्यक्रमांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पुणे, ठाणे, नाशिक, हिवाळ्यात लग्नांचे संगीत, गणपतीत मंडळं. सगळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांचं असतं तेच. ॲम्प फेंडरचा हॉट रॉड डिलक्स. ४० वॅट, १२ इंची स्पीकर, वजन साधारण २० किलो. नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावरून तो चढवताना कधी कुणी हात लावलेला मला आठवत नाही.

ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हच्या, ॲम्पची गंमत अशी, की व्हॉल्व्हना ताण दिल्याशिवाय आवाज पिकत नाही आणि ताण द्यायचा म्हणजे व्हॉल्यूम वाढवायचा. माझा ॲम्प पिकेपर्यंत पहिल्या रांगेतले प्रायोजक कानात बोटं घालतात. स्पीकरची धार सरळ समोर जाते, त्यामुळे समोरच्या चार खुर्च्यांना फक्त गिटार आणि कडेच्यांना गिटार कुठे आहे याचा पत्ता नाही. मग साउंडवाल्यांचं ठरलेलं वाक्य: "सर, गिटार जरा खाली घ्या ना." खाली घेतली की आवाज पातळ. मी ॲम्पचं तोंड विंगेकडे फिरवून पाहिलं, पुढे ॲक्रिलिकची काच लावून पाहिली. काचेवरून गायिकेचाच आवाज परत येऊन तिच्या माइकमध्ये शिरायला लागला, ती माझ्याशी मध्यंतरापर्यंत बोलली नाही. मैदानातल्या कार्यक्रमात जनरेटरचा दाब वरखाली झाला की माझा जीव वरखाली. त्यात २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. गिटार ॲम्पचे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन एवढ्याच देशांत बनतात, आणि रशियातला सारातोव्हचा कारखाना त्यातला मोठा. युद्ध तिकडे, भाव इकडे चढले. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एकेकाळी व्हॉल्व्ह बनत. ते आता जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यांत सापडले तर सापडतात.

शेवटी एचएक्स स्टॉम्प घेतलं. साधारण किलोभराचा, पायाखाली ठेवायचा डबा. आत ॲम्प, स्पीकर, स्पीकरपुढचा माइक, सगळं गणिताने उभं केलेलं. गिटार त्यात, त्यातून वायर थेट मिक्सरला, ऐकायला कानात इयरफोन. "डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो" असं सांगणारे भेटतात. उशीर दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो, आणि ॲम्पपासून एक मीटर लांब उभं राहिलं तरी आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. ही तक्रार मी ऐकूनही घेत नाही. शिवाय पंचमदांच्या कार्यक्रमात एका गाण्याला स्वच्छ, खणखणीत गिटार लागते आणि निवेदकाची दोन वाक्यं संपेपर्यंत पुढच्यासाठी 'दम मारो दम'चा आवाज तयार हवा असतो. पूर्वी त्यासाठी मी पेडलांच्या पसाऱ्यात वाकून बसलेला असायचो.

तर त्या कार्यक्रमाला मी पाठीवर गिटार आणि खांद्याला एक पिशवी अडकवून रिक्षाने गेलो. संयोजक दारातच होते.

"सर, ॲम्प कुठंय?"

"यात आहे."

"यात?" पिशवीकडे बघून ते हसले. "म्हणजे टेम्पो नाही लागला?"

"नाही लागला."

"वा, बरं झालं."

कुणाचं बरं झालं ते रात्री कळलं. पण त्याआधी स्टेजवर गेलो तर माझ्या जागेमागे माणसाच्या छातीएवढा काळा ॲम्प उभा. मी म्हटलं, दुसरा गिटारिस्ट आहे का? साउंडवाल्याने हळूच सांगितलं, "नाही सर, तुमचाच आहे. शोचा." आणि मग त्याने त्या मेलेल्या ॲम्पपुढे स्टँड लावून एक माइक उभा केला. माइकची वायर नीट गुंडाळून गालिच्याखाली सरकवली. तिथेच ती संपत होती. जो माणूस इतकी वर्षं मला ॲम्प कमी करा म्हणत आला, तो आज मुक्या ॲम्पला माइक लावत होता आणि मागे सरून तो सरळ दिसतो का ते बघत होता. आमचा ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "माझ्यामागे ड्रमसेट पण ठेवताय का?" त्यावर कुणी हसलं नाही, कारण बहुतेक विचार चालला असावा.

कार्यक्रम उत्तम झाला. आवाजाबद्दल कुणाची तक्रार नाही, दोन वन्स मोअर. पाकीट उघडलं तर टेम्पोचे पैसे कमी.

"टेम्पो नव्हता ना सर," संयोजक म्हणाले.

"मग हा ॲम्प कशाने आला?"

"तो टेम्पोनेच आला. पण तो भाड्याचा, त्याचा हिशोब वेगळा."

भाडं किती ते मी विचारलं. माझ्या कापलेल्या पैशांपेक्षा जास्त होतं. वर टेम्पो. वर दोन पोरांची हमाली. म्हणजे वाजणाऱ्या ॲम्पला मी एकटा हमाल, आणि न वाजणाऱ्याला दोन! मी हे बोललोही. त्यांचं उत्तर तयार होतं: "सर, फोटोत स्टेज मोकळं दिसतं. प्रायोजक विचारतात." बरं, हे सगळे सूर घरी बसून जुळवायचे, प्रत्येक गाण्याचा आवाज आधी बांधून ठेवायचा, त्या रात्रींचे पैसे कोण देतं? डबा लहान, म्हणून काम लहान. कीबोर्डवाला काखेत पियानो, सतार, व्हायोलिन घेऊन येतो, त्याचे पैसे कुणी कापले नाहीत. १९८५ मध्ये ऑक्टोपॅड आला तेव्हा ड्रमसेटच्या टेम्पोचं काय झालं, हे जुन्या वादकांना एकदा विचारायला हवं.

दोष फक्त संयोजकांना देऊन भागणार नाही. मोठ्या रॉक बँडच्या मागे रचलेल्या ॲम्पच्या भिंतीत पुष्कळदा निम्मी खोकी रिकामी असतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. उलट मेटॅलिका बँडने २०१३ मध्ये अंटार्क्टिकावर कार्यक्रम केला तेव्हा समोरच्या लोकांना संगीत हेडफोनवरच ऐकवलं, तिथल्या पर्यावरणाला गोंगाटाचा त्रास नको म्हणून. लोकांनी ऐकलं की. आपल्याकडे आवाजाची रात्री दहाची मर्यादा पाळायला लावण्यासाठी पोलीस दारात उभे असतात, तरी स्टेजवर खोकं हवंच.

जी नवीन मुलं हे डबे घेताहेत त्यांना सांगतो, घरी हेडफोनवर आवाज बांधू नका. हळू आवाजात कानाला खर्ज कमी वाटतो म्हणून तुम्ही तो वाढवून ठेवता आणि नाट्यगृहात सगळा चिखल होतो. एकदा तरी मोठ्या स्पीकरवर, कार्यक्रमाच्या आवाजात बांधा. आणि ॲडॅप्टर दोन ठेवा. स्टॉम्पला ९ व्होल्टचा, ३ अँपिअरचा लागतो. शेजारच्याचा साधा पेडलचा ॲडॅप्टर ऐन वेळी उपयोगाचा नाही.

आवाजात फरक नाही असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगतो. प्रेक्षकांपुरतं ते खरं आहे. पण त्या रात्री शेवटच्या सोलोत एक लांब सूर धरला आणि पाय आपोआप मागे सरकले, त्या काळ्या खोक्याकडे. ट्यूब ॲम्पजवळ गेलं की स्पीकरची हवा तारांना लागते, सूर विझायच्या ऐवजी फुगत जातो. बोटांना ती सवय आहे. मी खोक्याला जवळजवळ टेकलो. सूर आपल्या हिशोबाने संपला. कानातल्या इयरफोनमध्ये तो स्वच्छ, नेटका संपताना ऐकू आला, आणि मला त्याचा राग आला. प्रेक्षकांना वाटलं मी स्टाइल मारतोय. टाळ्या तिथेच पडल्या.

आता संयोजकांनी पुढची तारीख विचारली आहे. मी त्यांना कळवलं, ॲम्प माझा मीच आणतो, भाडं तुम्ही त्या दुकानाला देता तेवढंच द्या, टेम्पो वेगळा. चालू ठेवणार की बंद, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. साउंडवाल्याला मात्र आधी फोन करून ठेवायला हवा, या वेळी माइकची वायर कुठेतरी जोड म्हणून.